डिलाईल रोडच्या खोलीतल्या अकरा खुंट्या

गुंतवणुकीसाठी घर घ्यायचं ठरलं की आमच्या नात्यागोत्यातले लोक आधी मला फोन करतात. मी वकील नाही, एजंट तर मुळीच नाही. विम्याच्या ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालेली बाई. पण डिलाईल रोडला माझा एक छोटा फ्लॅट आहे, तो मी भाड्याने देते, आणि भाडेकरूशी भांडून मी कधी पोलीस चौकीची पायरी चढलेले नाही. एवढ्या भांडवलावर लोकांनी मला तज्ज्ञ करून टाकलं आहे.

मीही हातचं राखून सांगत नाही. जागा बघायला एजंटाच्या सोयीने संध्याकाळी जाऊ नका, सकाळी पाण्याच्या वेळेला जा. लिफ्ट असली तरी एकदा जिन्याने चढा, जिन्याचे कोपरे सोसायटीबद्दल सगळं सांगतात. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहा, भले एजंट वेड्यात काढेना का. नवा रंग दिलेली भिंत बघून खूश होऊ नका, कपाट सरकवून त्याच्या मागची बघा. भाड्याचा हिशेब बारा महिन्यांचा मांडू नका, दहाचा मांडा. एक महिना जागा रिकामी राहते आणि एक एजंट खातो. आणि करार नोंदवल्याशिवाय, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याशिवाय चावी कुणाच्या हातात ठेवू नका, मग तो सख्खा मामेभाऊ का असेना.

यातलं पाण्याचं आणि जिन्याचं मी माझ्या बाबांकडून शिकले. करारबिरार मात्र माझं. बाबांनी उभ्या आयुष्यात खोलीसाठी एक कागद केला नाही, आणि त्या न केलेल्या कागदानेच मला म्हातारपणी कोंडीत पकडलं.

हा फ्लॅट ज्या चाळीच्या जागी उभा आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावाची खोली होती. गावाची म्हणजे कोकणातल्या आमच्या गावातून गिरणीत कामाला आलेल्या अकरा माणसांची. अकरा जण त्या दहा बाय बाराच्या खोलीत एका वेळी कधीच झोपले नाहीत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीत एक लाकडी खुंटी. खुंटीवर कापडी पिशवी, पिशवीत एक कपड्यांचा जोड, पंचा आणि दाढीचं सामान. त्या खोलीत माणसाची मालमत्ता म्हणायची तर ती एवढीच.

घरमालक पावती एकाच्याच नावाने फाडायचा. ती कुणाच्या नावाने करायची यावर अकरा जण बसले आणि बाबांचं नाव ठरलं. ते शहाणे होते म्हणून नाही, तर ते चौथीपर्यंत शिकलेले होते आणि घरमालकाने पावतीवर काय लिहिलंय ते त्यांना वाचता यायचं म्हणून. पुढे बाबांचं लग्न झालं, भोईवाड्यात त्यांनी वेगळी जागा घेतली, मी तिथे जन्मले. पण पावती त्यांच्याच नावावर राहिली, खोलीची चावी आमच्या दारामागच्या खिळ्याला राहिली, आणि बाबांची पिशवीही त्या खोलीत खिडकीपासून चौथ्या खुंटीवर तशीच राहिली.

मला ती खोली आठवते ती उंबऱ्याबाहेरून. रविवारी आई माशाचं कालवण करायची आणि एक डबा खोलीवर पाठवायची. डबा घेऊन मी जायचे, पण आत पाऊल टाकायचं नाही अशी तंबी होती. पुरुषांची खोली, कोण उघडा झोपलेला असेल सांगता येत नाही. मी गॅलरीत उभी राहून हाक मारायची आणि आतला गारवा, खोबरेल तेलाचा नि विडीचा वास नाकात भरून घ्यायची. समोरच्या भिंतीवर रांगेत अकरा पिशव्या. मी त्या डावीकडून उजवीकडे मोजायची, मग उजवीकडून डावीकडे. आज इतक्या वर्षांनी त्या भिंतीसाठी माझा जीव तुटतो, आणि गंमत म्हणजे तिला मी एकदाही हात लावलेला नव्हता.

त्या खोलीचा एक कायदा होता. माणूस गावी गेला, आजारी पडला, वर्षभर आला नाही, तरी जोवर पिशवी लटकतेय तोवर खुंटी त्याची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. कायमचा निघालेला माणूसच आपल्या हाताने आपली पिशवी काढायचा. सगळे उठून उभे राहायचे, तो पिशवी खांद्याला लावायचा, मग खालच्या हॉटेलात सगळ्यांना त्याच्याकडून चहा. झालं. ना सही, ना साक्षीदार. मी विम्याच्या ऑफिसात नोकरीभर फॉर्म तपासले, इतकं पक्कं हक्कसोडपत्र मी दुसरं पाहिलं नाही.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा पिशव्या भराभर उतरल्या. बाबा घरी येऊन आईला सांगायचे, आज अमक्याने काढली, आणि त्या दिवशी ते नीट जेवायचे नाहीत. शेवटी दोनच उरल्या. एक बाबांची आणि एक आमच्या काकांची. काका म्हणजे सख्खे नव्हेत. बाबांचे खोलीतले जोडीदार, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. तेही गावी गेले होते, पण पिशवी त्यांनी काढली नव्हती.

त्यानंतर बाबांना कितीजणांनी सांगितलं, आता खोली तुझीच झाली, भाड्याने दे, पैसे येतील. बाबा ऐकायचे नाहीत. गावचा कुणी मुलाखतीला आला, कुणी परळच्या हॉस्पिटलात दाखवायला आला, की भोईवाड्याला येऊन चावी घेऊन जायचा. मी एकदा चिडून म्हटलं, की बाबा, पावती तुमच्या नावाची आहे. तर म्हणाले, "पावती माज्या नावाची असली तरी माजी खुंटी एकच." मला तो अव्वल दर्जाचा बावळटपणा वाटला होता.

बाबा गेले आणि पावती माझ्या नावावर झाली. मी एकुलती एक, कुणी हरकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. मग चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरने खोल्या रिकाम्या करायला मुदत दिली, तेव्हा मी ऑफिसातून अर्धा दिवस काढून तिथे गेले. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेले, आणि तेही घाईत, नाकाला पदर लावून. दोन ट्रंका, स्टोव्ह, भांडी, सगळं भंगारवाल्याला दिलं. भिंतीवरच्या दोन पिशव्या मीच काढल्या आणि त्याच्या गोणीत टाकल्या. उघडून बघितल्यासुद्धा नाहीत. धूळ बसली होती, आणि मला दादरची बस पकडायची होती.

फ्लॅटचा ताबा मिळाला आणि मी मालकीणबाई झाले. पहिल्याच भाडेकरूकडून अनामत, लॉक-इन, देखभाल खर्च कुणी भरायचा, खिळे ठोकायचे नाहीत, हे सगळं लिहून घेतलं. पाच वर्षं सुरळीत गेली. आमचे हे ठाकूरद्वारचे. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी, त्यामुळे कागद दिसला की त्यावर आकडेमोड करायची खोड. एका रविवारी त्यांनी मला गणित मांडून दाखवलं. एवढ्या महाग जागेला हे एवढंसं भाडं. हीच विकली तर डोंबिवलीच्या पुढे दोन फ्लॅट येतील, भाडं दुप्पट, शिवाय आपली दादरची तिसऱ्या मजल्यावरची बिनलिफ्टची जागा बदलायला थोडं उरेल. माझे गुडघे तेव्हा बोलायला लागले होते. मला पटलं. भाडेकरूचा करार संपत होता, तो वाढवला नाही, कारण रिकामी जागा चांगल्या भावाने जाते असं एजंट म्हणाला. गिऱ्हाईक मिळालं. शनिवारी टोकन घ्यायचं ठरलं.

त्या आधीच्या बुधवारी गावाहून काकांचा फोन आला. त्यांच्या घशात गाठ निघाली होती, डॉक्टरांनी रेडिएशनसाठी परळला पाठवलं होतं. "शेक घेवचो आसा. सा आठवडे," ते म्हणाले. "चावी तुज्याकडेच मा?"

राहू का, असं विचारलं नाही. चालेल का, असंही नाही. फक्त चावी कुणाकडे. मी 'हो' म्हणून फोन ठेवला आणि मग अशी काही तडकले की ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. ह्यांचं म्हणणं सरळ होतं. विक्रीला काढलेल्या जागेत माणूस ठेवायचा नसतो. गिऱ्हाईकाच्या वकिलाला कळलं की व्यवहार बोंबलला. काकांना आपल्याकडे ठेवावं, तर ऐंशी ओलांडलेला माणूस शेक घेऊन रोज तीन जिने कसा चढणार? हॉस्पिटलाजवळ धर्मशाळा आहेत, तिथे सोय करू, खर्च आपण देऊ. मलाही हे बरोबर वाटत होतं. फक्त ते काकांना फोनवर सांगायची हिंमत नव्हती. ठरवलं, समोर बसवून, नवी जागा दाखवून सांगायचं. चाळ गेली, खोली गेली, आता हा माझा फ्लॅट आहे, आणि तो मी विकतेय.

काका शुक्रवारी सकाळी लक्झरीतून उतरले. हातात एक फाईल, खांद्याला शबनम. घसा बसलेला, अंगावर मांस म्हणून नाही, पण चालणं तेच, गिरणीचा भोंगा वाजल्यासारखं भरभर. त्यांना मी लिफ्टने सातव्या मजल्यावर नेलं. दार उघडलं. रिकामा हॉल, पांढऱ्या भिंती, खिडकीतून समोरचा टॉवर.

ते खिडकीपाशी गेले, तिथून भिंतीकडे वळले आणि हवेतच बोट धरून मोजायला लागले. चौथ्याला थांबले, मग पाचव्याला. चौथी बाबांची खुंटी होती. पाचवी त्यांची. सातव्या मजल्यावर, दुसऱ्याच इमारतीत, तो माणूस आपली खुंटी शोधत होता, आणि मी पाठ केलेलं सगळं भाषण विसरले.

"पिशवी खंय माजी?" त्यांनी विचारलं.

खोटं सुचलं असतं तर मी बोलले असते. पण मला सुचलंच नाही. मी सांगितलं, की चाळ रिकामी करताना मी दोन्ही पिशव्या काढल्या, भंगारात दिल्या. आणि आता तोंड उघडलंच होतं तर सगळंच सांगून टाकलं: उद्या टोकन, डोंबिवली, धर्मशाळा, माझे गुडघे. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. त्यांच्या पिशवीत काय होतं, ते तरी मी विचारायला हवं होतं. ते मी नंतर विचारलं. पंचा, एक जोड आणि दाढीचा ब्रश.

काका खाली फरशीवर बसले, भिंतीला पाठ लावून. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी थोडा दम खाल्ला आणि अगदी शांतपणे, ऑफिसात एखादा वरिष्ठ नियम समजावून सांगतो तसं सांगितलं, "मी पिशवी काढूक नाय. तुज्या बापाशीनय काढूक नाय. तू काढलस, पण ती तुजी नाय होती. मगे खोली कोणाची, तूच सांग."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. माझ्याकडे बिल्डरचा नोंदणीकृत करार होता, शेअर सर्टिफिकेट होतं, मालमत्ता कराची पावती होती. त्यातलं एकही त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

"दोघांची," मी म्हटलं.

"तुजी नि माजी. इकूची तर इक. पण माका इचारून."

"मग विचारते. विकू का?"

"सा आठवडे थांब," ते म्हणाले, "मगे सांगतंय."

मला हसूही आलं आणि रडूही. बाबांच्या माघारी त्यांच्या खुंटीचा वारसा मला कुणी दिला नव्हता, पावतीचा दिला होता. तो त्या माणसाने फरशीवर बसल्या बसल्या दिला, आणि तेही मी त्याची पिशवी भंगारात घातल्यानंतर. खाली जाऊन मी गिऱ्हाईकाला फोन केला, की दीड महिना थांबा. गिऱ्हाईक थांबलं नाही. एजंटाने मला चार गोष्टी सुनावल्या, त्या मी ऐकून घेतल्या.

ह्यांचं दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी हेच डबा घेऊन डिलाईल रोडला गेले. येऊन म्हणाले, तुझ्या काकांची शबनम दाराच्या मुठीला लटकतेय, दार उघडलं की खाली पडते, हे काही बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून ड्रिल करायची लेखी परवानगी त्यांनीच आणली, सुतार आणला आणि स्वतः उभे राहून लाकडी खुंट्या बसवून घेतल्या. दोन. मी विचारलं, दोन कशाला? हे टेप गुंडाळत म्हणाले, एक तुझ्या वडिलांची. ठाकूरद्वारच्या माणसाला हिशेब उशिरा लागतो, पण लागतो.

ते सहा आठवडे मला फार जवळचे आहेत. मी रोज दुपारी पातळ पेज आणि सार घेऊन जायचे आणि आता उंबऱ्याबाहेर उभी राहायचे नाही. काका शेक घेऊन आलेले असायचे, घशातून शब्द फुटायचा नाही, तरी ते बोलायचे. कोण कोणत्या खुंटीवर, कोण घोरायचा, बाबा पहिला पगार झाला तेव्हा कसे चप्पल घ्यायला लालबागला गेले आणि अनवाणीच परत आले, कारण त्या पैशांची त्यांनी खोलीसाठी परात घेतली. खुंट्यांचं बोलणं निघालं की ते हवेत बोट फिरवायचे. मी माझ्या बापाबद्दल जेवढं त्या रिकाम्या हॉलमध्ये ऐकलं, तेवढं भोईवाड्याच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

शेक संपला, तपासण्या बऱ्या आल्या. निघायच्या दिवशी त्यांनी लालबागच्या बाजारातून आणलेली एक खाकी कापडी पिशवी काढली. त्यात पंचा घातला, धुतलेला एक जोड घातला, नवा ब्रश घातला आणि ती खुंटीवर अडकवली. शबनम खांद्याला लावली. विकू की नको, याचं उत्तर मला मिळालं, तेव्हा मी ते पुन्हा विचारलं नाही. दाराशी ते थांबले, दुसऱ्या खुंटीकडे हनुवटीने खूण केली आणि म्हणाले, "तुजी खंय?"

माझ्या हातात डब्याची पिशवी होती. मी डबा बाहेर काढला आणि पिशवी तिथे अडकवली.

फ्लॅट मी पुन्हा भाड्याने दिला. करारात मी एक कलम वाढवून घेतलं: हॉलमधील दोन खुंट्या व त्यांवरील दोन पिशव्या भाड्याच्या जागेत धरलेल्या नाहीत, त्यांना हात लावू नये. एजंट म्हणाला, मॅडम, असं कोणी लिहीत नाही, लोक पळतील. एक जोडपं पळालं खरं. मग एका मुलीने कारण विचारलं आणि मी सांगितलं. ती आता तीन वर्षं राहतेय. दिवाळीला ती दोन्ही पिशव्या ब्रशने झटकते आणि मला फोन करून सांगते, की हात लावला नाही हं, फक्त ब्रश लावला. ह्यांच्या गणिताप्रमाणे आम्ही दरवर्षी नुकसानीत आहोत. तिसरा जिना मी अजून कठडा धरून चढते.

काका गेल्या वर्षी भाताची कापणी चालू असताना गावी वारले, झोपेतच. दहाव्यानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. बरा मुलगा आहे, बोलण्यात संकोच. म्हणाला, पुढच्या आठवड्यात मुंबईला कामासाठी येतोय, माझ्या बाबांची पिशवी तुमच्याकडे अडगळ झाली असेल, जाताना घेऊन जाईन.

मी त्याला चहाला ये म्हटलं, जेवायलाही ये म्हटलं. पिशवीला मात्र हात लावू नकोस, म्हटलं. ती ज्याची त्यानेच काढायची असते.